नाव आधी ठरवा, मग लेख पाठवा

आमचं गाव दिघी. नुसतं ‘दिघी’ म्हटलं की पुण्याच्या माणसाला आळंदीच्या वाटेवरची दिघी आठवते. म्हणून आम्ही लगेच जोडतो: श्रीवर्धन तालुक्यातली, राजपुरी खाडीवरची, आगरदांड्यासमोरची. गावासाठी एवढी काळजी घेणाऱ्या आपल्याच घरांतली मुलं पहिला शोधनिबंध मात्र ‘ए. जोशी’ किंवा ‘एस. पाटील’ या नावाने पाठवतात, याचं मला वाईट वाटतं. आपल्या गावच्या संशोधक मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: पहिला लेख पाठवण्याआधी नाव ठरवा आणि ते पुढे बदलू नका.

संदर्भसूचीत बहुधा आडनाव आणि आद्याक्षरंच उरतात. कर्व्यांचं घर पाहा. धोंडो केशव समाजसुधारक; त्यांचे पुत्र रघुनाथ धोंडो गणिताचे प्राध्यापक आणि संततिनियमनाचे प्रचारक, तर दिनकर धोंडो रसायनशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे डी. के., आर. डी. आणि डी. डी. कर्वे. एक अक्षर चुकलं की बापाचं काम लेकाच्या खात्यावर! त्याच घरच्या सूनबाईंचं ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ १९५३ साली आलं ते ‘इरावती कर्वे’ या पूर्ण नावाने. तिथे घोटाळ्याला जागाच नाही.

मुलींना याची झळ जास्त लागते. १९३९ साली ‘नेचर’मध्ये रॉबिन हिल यांच्यासोबत वनस्पतींतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर लिहिणाऱ्या के. भागवत आणि पुढे मुंबईत नीरेच्या पोषणमूल्यांवर काम करणाऱ्या कमला सोहोनी या एकच. १९४७ साली लग्न झालं आणि आडनाव बदललं. नुसत्या नावावरून शोधणाऱ्याला हा धागा कसा सापडावा? घरी आणि पासपोर्टवर हवं ते नाव लावा. लेखावर पहिलंच राहू द्या.

‘२०१२पासून संशोधकाची ओळख म्हणून ऑर्किडचा (ORCID) सोळा अंकी क्रमांक मिळतो, मग हा खटाटोप कशाला?’ असं मुलं विचारतात. क्रमांक जरूर घ्या. पण तो आपण स्वतः काढावा आणि लेखाला जोडावा लागतो. जुन्या छापील सूचीत तो नसतो, आणि परिषदेत कुणी कुणाला आकड्याने ओळखत नाही.

‘काम बोलेल, नाव कशाला मिरवायचं?’ हा आक्षेपही ऐकू येतो. यात मिरवणं नाही. लेखातली चूक कुणाच्या लक्षात आली, तर जाब विचारायला नेमका माणूस सापडला पाहिजे. श्रेय आणि जबाबदारी दोन्ही नावावरच येतात.

तेव्हा आधी शोधून पाहा, आपल्या विषयात याच नावाचं कुणी लिहितं का. आडनाव सर्रास आढळणारं असेल, तर वडिलांचं किंवा आईचं नाव मध्ये पूर्ण लिहा. ‘व’साठी रोमनमधलं कोणतं अक्षर वापरायचं, तेही एकदाच ठरवा. आणि सहकाऱ्यांच्या जिभेला जड जातं म्हणून नाव कापू नका. ज्या लांबीची आज अडचण वाटते, तीच उद्या तुम्हाला शेकडो जोशी-पाटलांतून वेगळं काढील.