मावशींचा फोटो आणि माझा नवा (म्हणजे जुनाच) कॅमेरा

झालं असं की गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मेसच्या मावशींनी मला हाक मारली. "पोरा, तू म्हणं फोटू काढतोस. माझा एक काढ की, भाकरी करताना. घरी लावायचाय." मावशी मार्चनंतर काम सोडून गावी जाणार होत्या. आपल्यापैकी निम्म्या पोरांची हाडं त्यांच्या भाकरीवर पोसली आहेत, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. शिवाय 'फोटू काढतोस' म्हटल्यावर माझी कॉलर ताठ झाली ती वेगळीच.

माझ्याकडे तेव्हा मामाने दिलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, दहा मेगापिक्सेलचा छोटा कॅमेरा होता. ट्रेकला, ट्रिपला, गणपतीच्या मिरवणुकीला त्याने मला कधी दगा दिला नाही. पण मेसच्या भटारखान्यात एक ट्यूबलाइट, एक मिणमिणता बल्ब आणि बाकी सगळा धूर. त्यात भाकरी थापणारे हात काही आपल्यासाठी थांबत नाहीत. तीस-चाळीस फोटो काढले. एकातही हात दिसेनात, नुसता पांढरा पंखा फिरल्यासारखा दिसे. आयएसओ वाढवला तर मावशींच्या चेहऱ्यावर ज्वारीचं पीठ सांडल्यासारखे दाणे. फ्लॅश मारला तर मागची भिंत काळी, आणि मावशी चोर पकडल्यासारख्या दचकलेल्या.

मग रूम पार्टनरच्या नव्या फोनवर काढला. हे मान्य करायला हवं की दिवसाउजेडी त्याचा फोन माझ्या डब्याला केव्हाही हरवतो. आजकालचा फोन एका क्लिकमध्ये चार-आठ फोटो घेऊन त्यांचा एक करतो, ही खरोखरच हुशारी आहे. पण हात हलत असले की त्या चार-आठ फोटोंत ते चार-आठ ठिकाणी असतात, आणि मग फोन आपल्या मनाने काहीतरी जुळवतो. वर चेहऱ्याला इस्त्री. मावशींनी फोटो हातात धरला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाल्या, "ही मी न्हाय रं. ही कोण तरी टीव्हीतली बाई हाय."

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं तर पार्टनर हसेल, कारण मी घोरत होतो. पण दुसऱ्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच किडा: कॅमेरा बदलायचा.

आता मुद्द्यावर येतो. कॅमेरा बदलायचा विषय हॉस्टेलवर काढला की दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिले, 'घेतोसच तर फुल फ्रेम घे' म्हणणारे. यांचं स्वतःचं काही जात नाही. दुसरे, 'कॅमेऱ्याने काय होतंय, डोळा महत्त्वाचा' म्हणणारे. माझा जास्त राग या दुसऱ्यांवर आहे. कारण हे वाक्य मी आजवर ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्या प्रत्येकाच्या गळ्यात माझ्या वर्षभराच्या मेस बिलाएवढी लेन्स लटकत होती. डोळा महत्त्वाचा, कबूल. पण माझ्या डोळ्याला मावशींचे हात स्वच्छ दिसत होते हो! कॅमेऱ्याला दिसत नव्हते. 'अक्षर सुंदर पाहिजे, पेन कुठलंही चालतं' हे पेनात शाई असेपर्यंत ठीक आहे.

आणि आपण इंजिनिअर (होणार) आहोत, तेव्हा जरा हिशोब मांडू. सगळ्यात आधी मेगापिक्सेलचं भूत उतरवू. ए-फोर कागदावर ३०० डीपीआयने छापायचं तर २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८.७ मेगापिक्सेल लागतात. मावशींना हवा होता तेवढ्या फ्रेमसाठी मामाचा कॅमेरा पुरून उरत होता! १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला तो ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटवर उतरवायला त्याला २३ सेकंद लागत. तेव्हापासून आपण पिक्सेलच मोजतोय.

माझी अडचण पिक्सेलची नव्हतीच, उजेडाची होती. छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान. साध्यातल्या साध्या डीएसएलआरचा सेन्सर २३ बाय १५ च्या आसपास. क्षेत्रफळ बारा पटींहून जास्त. बाकी सगळं तेच ठेवलं तर प्रकाशही तेवढाच जास्त. आणि नॉइजचा हिशोब वर्गमुळात चालतो, म्हणजे सिग्नल साडेतीन पट स्वच्छ. हे गणित मांडल्यावर मला पहिल्यांदा कळलं की मला नक्की काय विकत घ्यायचंय.

पैसे होते सुट्टीतल्या इंटर्नशिपचे चौदा हजार. घरी मागायचे नव्हते. बाबांनी त्याच महिन्यात ताईच्या बी.एड.ची फी भरली होती. नवीन मिररलेस कॅमेऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती. पण एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडली आहे. मोठ्या कंपन्यांनी आपलं लक्ष मिररलेसकडे वळवल्यामुळे जुन्या डीएसएलआरना कोणी विचारत नाही. ज्यांच्या घरी बारशाला घेतलेला कॅमेरा पोरगं शाळेत गेल्यापासून कपाटात पडून आहे, असे लोक तो विकायला तयारच असतात. मला निकॉन डी३१०० मिळाला, २०१० सालचं मॉडेल, १४.२ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ ची लेन्स. साडेनऊ हजार. घेण्याआधी एक फोटो काढून लॅपटॉपवर नेला आणि फाइलमधला शटर काउंट पाहिला. अकरा हजार काही. मग लेन्समधून उजेडाकडे पाहिलं, बुरशीचे धागे नव्हते. हे दोन्ही बघितल्याशिवाय जुना कॅमेरा घेऊ नका. बाहेरून सगळेच चकाचक असतात.

आणि मग माझा पोपट झाला. मोठ्या ऐटीत मेसमध्ये गेलो, १८-५५ लावली, मावशींच्या हातांवर झूम केलं. फोटो पुन्हा हललेला! कारण त्या लेन्सचं झूम पुढे नेलं की छिद्र एफ/५.६ पर्यंत आकसतं. दाणे कमी झाले, पण शटर पुन्हा तिथेच, १/१५ सेकंदाला. नवा सेन्सर आणि जुनंच दुखणं. (पार्टनर त्या दिवशी फार खूष होता.)

उत्तर होतं ५० मिलिमीटर एफ/१.८ ची साधी लेन्स. एफ/५.६ वरून एफ/२ वर आलात तर प्रकाश जवळजवळ आठपट. १/१५ चं सरळ १/१२५ होतं. उरलेल्या पैशांतून चार हजारांत एक जुनी घेतली. घाईत. तिचं नाव 'एएफ' असं पाहिलं आणि घेऊन टाकली. खोलीवर येऊन लावली तर ऑटोफोकस ढिम्म. या जुन्या लेन्सला फिरवणारी मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत लागते आणि माझ्या बॉडीत ती मुळातच नाही. शिवाय लेन्सवरची रिंग एफ/२२ ला लॉक केली नाही तर स्क्रीनवर काही तरी अगम्य अक्षरं येतात आणि शटर दबतच नाही. विकणाऱ्याने सांगितलं नाही, पण मी तरी कुठे विचारलं? पाच मिनिटं वाचलं असतं तर कळलं असतं. व्हायवाच्या आदल्या रात्री जेवढं वाचतो तेवढंसुद्धा वाचलं नव्हतं.

चार हजार पाण्यात गेले असं समजून दोन दिवस तोंड पाडून बसलो. मग कळलं की हाताने फोकस केला की व्ह्यूफाइंडरमध्ये खाली एक छोटा हिरवा ठिपका पेटतो. ठिपका पेटला की दाबायचं. पार्टनरला खुर्चीवर बसवून आठवडाभर सराव केला. त्याच्या कानाचे माझ्याकडे अत्यंत सुस्पष्ट फोटो आहेत.

आता त्या पार्टनरविषयीही लिहिलंच पाहिजे, त्याची परवानगी घेतली आहे. माझं बघून त्यालाही चेव आला आणि त्याने नवाकोरा मिररलेस घेतला, हप्त्यावर. का, तर 'पुढे उपयोगी पडेल'. कुठला फोटो निघत नव्हता म्हणून घेतलास, या प्रश्नाला त्याच्याकडे आजही उत्तर नाही. तीन महिने गडगंज फोटो, चौथ्या महिन्यात मेसचं बिल थकलं, पाचव्यात कॅमेरा बॅगेत आणि बॅग कपाटात. पावसाळ्यात आपल्या खोल्यांत भिंतींना ओल येते हे सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्टमध्ये बॅग उघडली तर लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. हप्ते अजून चालू आहेत. मी त्याला हसलो नाही. खरं सांगायचं तर मेसच्या आठवणी माझ्या हातून थोडक्यात वाचल्या एवढंच, नाही तर मीसुद्धा 'पुढे उपयोगी पडेल'वालाच होतो.

म्हणून माझं मत असं की कॅमेरा जरूर बदलावा, पण आधी वहीत एक ओळ लिहावी: अमुक फोटो, अमुक ठिकाणी, आत्ताच्या कॅमेऱ्याने निघत नाही. ती ओळ लिहिता आली तर काय घ्यायचं हे तीच सांगते. कुणाला लेन्स लागेल, कुणाला नुसता दीडशे रुपयांचा बल्ब. मावशींच्या बाबतीत बल्ब बदलून काम झालं असतं का, असं आमच्या एका सरांनी विचारलं. झालं असतं, थोडंफार. पण मग तो धुरातला पिवळा उजेड गेला असता, आणि मावशींना भटारखाना हवा होता, स्टुडिओ नव्हे.

यात सरांनाही एक विनंती. आपल्या कॉलेजात एक बरा डीएसएलआर आहे. तो कपाटात कुलूपबंद असतो, बक्षीस समारंभाला निघतो, प्रमुख पाहुण्यांचा हार घालतानाचा फोटो काढतो आणि परत आत जातो. एकांकिकेच्या तालमींना, रोबोटिक्सवाल्यांच्या रात्रीच्या टेस्टिंगला तो कधीच दिसत नाही. 'मुलं मोडतील' ही भीती मला समजते. पण वर्कशॉपमध्ये आम्हाला लेथ चालवायला देता, मग कॅमेरा का नाही? वही ठेवा, आयकार्ड ठेवून घ्या, मोडला तर भरून घ्या. कपाटात बंद राहून त्याला बुरशी लागली तर ती कुणाकडून भरून घेणार? दर वर्षी दोन-चार पोरं निव्वळ 'वापरून बघायचाय' म्हणून घरच्या पैशांनी कॅमेरा घेतात. ते पैसे वाचतील.

मावशींचा फोटो फेब्रुवारीत निघाला. एफ/२, १/१२५, आयएसओ १६००. चेहरा ठणठणीत, सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी, हातांच्या कडेला किंचित हलल्याची रेघ. फ्रेम करून दिला. मावशींनी बराच वेळ पाहिला. मला वाटलं आता काही तरी छान बोलणार. "तवा लई काळा दिसतोय," म्हणाल्या, "घासून ठिवला असता की, सांगायचंस." मग पदराने काच पुसली आणि पिशवीत उभा ठेवला, आडवा नाही, काच फुटू नये म्हणून.

५० ची लेन्स माझ्याकडे बी विंगमध्ये पहिल्या मजल्यावर आहे, बिस्किटांच्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर गरम करायचे, परत निळे होतात. ज्याच्याकडे निकॉनची बॉडी आहे त्याने खुशाल न्यावी. रिंग एफ/२२ ला लॉक करायला विसरू नका, आणि सबमिशनच्या आठवड्यात मागू नका.