मारावें, पण खाऊं नये?

यवतमाळ जिल्ह्यांतील कापूस, तूर व सोयाबीन यांवर रानडुकरें आणि रोही यांची धाड पडते, हें सांगण्यास आतां कोणा पंडिताची गरज नाहीं. दिवसभर राबलेला शेतकरी रात्रीं मचाणावर जागल करतो, डबे बडवतो. आणि पहाटे जरा डोळा लागला कीं कळप शेत उकरून मोकळा होतो. हें दुःख कायद्यासहि मान्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें ११ वें कलम उभ्या पिकाची नासाडी करणारें जनावर परवानगीनें मारूं देतें. परंतु ३९ वें कलम लगेच बजावतें कीं, असें मारलेलें जनावर सरकारची मालमत्ता होय. लेखी परवानगीवाचून तें कोणीं जवळ बाळगूं नये. जिवंतपणीं त्यानें केलेल्या नुकसानीसाठीं अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा. मेल्याबरोबर मात्र तें तत्काळ सरकारजमा! मग त्याची गति काय? खड्डा किंवा आग.

ही नासाडी कोणाच्या डोळ्यांदेखत होते? याच जिल्ह्यांत कोलामांचे पोड आहेत, गोंडांचीं गांवें आहेत, शिकार हाच ज्यांचा पिढीजात धंदा ते फासेपारधी आहेत. ज्यांच्या ताटांत डाळहि रोज पडत नाहीं, त्यांच्यासमोर सकस अन्न पुरावयाचें, याला कोणती नीति म्हणावी?

आक्षेपक म्हणतील, मांसाचा बाजार मांडला कीं चोरटी शिकार बोकाळेल. ही भीति खोटी नाहीं. म्हणूनच बाजार नको. परवान्यानें मारलेलें जनावर पशुवैद्यानें तपासावें आणि ग्रामसभेनें गांवांतच वांटावें. विक्री मुळींच नसावी. जर्मनींत रानडुकराचें मांस कृमींसाठीं तपासूनच खाण्यास देतात. तेथें जें साधतें तें येथें कां साधूं नये? दुसरे म्हणतील, टिपेश्वरच्या वाघांनीं काय खावें? अभयारण्यांतील एकाहि जनावरास हात लावा, असें कोणी म्हणत नाहीं. प्रश्न शेतांत मारल्या गेलेल्या जनावराचा आहे, आणि तें पुरल्यानें वाघाचें पोट भरत नाहीं. तिसरे ‘नीलगाय’ या नांवापाशीं अडतात. विदर्भ तिला रोही म्हणतो. ती गाय नव्हे, कुरंगवर्गीय प्राणी आहे. तरीहि ज्याचें मन घेत नाहीं त्यानें खाऊं नये. दुसऱ्याचें ताट ओढूं नये.

केरळनें २०२२ सालीं रानडुकरें मारण्याचा परवाना देण्याचा अधिकार पंचायतींच्या अध्यक्षांस दिला; पण मांस तेथेंहि मातींतच गेलें. अर्धें शहाणपण तें हेंच. इकडे गांजलेला शेतकरी कुंपणांत वीज सोडतो, आणि तींत डुकराबरोबर वाघ मरतो, माणूसहि मरतो.

अहिंसा थोर आहे. परंतु मारण्यास संमति आणि खाण्यास बंदी, यांत अहिंसा नसून केवळ सोंवळें आहे; आणि त्या सोंवळ्याची किंमत आपण सुशिक्षित देत नाहीं, उपाशी माणूस देतो. कलम ३९ मधील लेखी परवानगीची वाट सरकारनें ग्रामसभांस मोकळी करावी; कायद्याचा शब्दच आड येत असेल, तर तो शब्द बदलावा.