उलट नोंदीची मालकी

२०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले. पाट्या रंगल्या, शिक्के बदलले. शहराचा पिनकोड मात्र ४१४००१ हाच राहिला. नाव आणि क्रमांक यांचे हे नाते टपालापुरते गौण असेल. ई-मेलच्या व्यवहारात मात्र पत्र पोचणार की नाही, हे त्यावरच ठरते.

पाकिटावरचा पत्ता लहानाकडून मोठ्याकडे जातो : व्यक्ती, मुक्काम, तालुका, जिल्हा. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेला, १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आलेला पिनकोड नेमका उलट चालतो. पहिला अंक विभागाचा, अखेरचे तीन टपाल कार्यालयाचे. इंटरनेटवरही तसेच आहे. डोमेनचे नाव लहानाकडून मोठ्याकडे, आयपी क्रमांक मोठ्याकडून लहानाकडे. म्हणून क्रमांकावरून नाव शोधताना २०३.०.११३.२५ हा क्रमांक २५.११३.०.२०३ असा उलटा मांडावा लागतो. रिव्हर्स डीएनएस म्हणतात ते हेच.

समजा, राहुरी तालुक्यातील एखाद्या दूध संस्थेने स्वतःच्या ई-मेल सर्व्हरवरून वार्षिक सभेची सूचना धाडली. पत्र घेणारा सर्व्हर आलेल्या क्रमांकाचे नाव विचारतो, मग त्या नावाचा क्रमांक विचारतो. दोन्ही उत्तरे जुळली तर ठीक. नोंदच नसेल, तर पत्र परत फिरते किंवा स्पॅमच्या अडगळीत पडते. सभासद समजतो, संस्थेने कळवलेच नाही. संस्था समजते, सभासदाला आस्था नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी आपल्याकडे पत्रे धाडणाऱ्या लहानमोठ्या सर्वच प्रेषकांवर या जुळणीची अट घातली. अट अनाठायी आहे असे कोणी म्हणणार नाही. परक्याने ताबा घेतलेल्या घरगुती संगणकांतून सुटणारा फसव्या पत्रांचा लोंढा थोपवायला ती उपयोगी पडते, जरी एकट्या तिने भागत नाही.

खरा प्रश्न मालकीचा आहे. डोमेनचे नाव संस्था वर्षाला थोडे पैसे भरून घेते आणि त्याची पुढची नोंद स्वतः लिहिते. उलट नोंद मात्र क्रमांकांचा गट ज्याच्या नावे, त्याच्या हाती. हे गट ब्रिस्बेनच्या एपीनिककडून आणि २०१२ पासून भारतातील आयआरआयएनएन या नोंदणी यंत्रणेकडून इंटरनेट कंपन्यांना मिळतात. ग्राहक तेथे केवळ कूळ असतो. कुळाचे नाव सातबाऱ्यावर चढावे म्हणून महाराष्ट्रात किती वर्षे झगडावे लागले, हे निराळे सांगायला नको. स्वस्त जोडणीत तर क्रमांकच बदलता असतो. तेथे नोंदीचा प्रश्नच उद्भवत नाही. स्थिर क्रमांक घेतला तरी एक ओळ लिहून मिळण्यासाठी अर्ज करून कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागते. कंटाळलेली संस्था अखेर आपला सारा पत्रव्यवहार त्याच दोन-चार परदेशी कंपन्यांच्या स्वाधीन करते. फसवणुकीविरुद्धचा उपाय असा मक्तेदारीच्या पथ्यावर पडतो.

यात तांत्रिक अडचण नाही. मोजक्या क्रमांकांचीही उलट नोंद ग्राहकाच्या हाती सोपवण्याची पद्धत १९९८ मध्येच लेखी ठरली आहे. अडते ते इच्छेपाशी. स्थिर क्रमांकाबरोबर उलट नोंद विनामूल्य आणि ठरलेल्या मुदतीत द्यावी, असे बंधन दूरसंचार नियामकाने घातले पाहिजे. सरकारी पैशाने गावोगाव नेलेल्या भारतनेटच्या जोडण्यांवर ग्रामपंचायती आणि सहकारी संस्थांना हा हक्क पहिल्याने मिळावा. सहकारानेही हातावर हात ठेवून बसू नये. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी खाजगी मालकाविना साखर कारखाना चालवून दाखवला, तेथे तालुक्याच्या संस्थांनी मिळून एक सर्व्हर चालवणे, इतकेच नव्हे तर क्रमांकांचा छोटा गट स्वतःच्या नावे घेणे, आवाक्याबाहेरचे नाही. एकट्यादुकट्या संस्थेला मात्र ते झेपणारे नाही.

नामांतरानंतर ज्या संस्था आपल्या सर्व्हरच्या नावातले शहराचे जुने नाव बदलतील, त्यांना याचा प्रत्यय लगेच येईल. पुढची नोंद एका दुपारी बदलता येते. जुने नाव काढून टाकले आणि उलट नोंद तशीच राहिली, तर मेळ तुटेल, आणि कंपनी अर्ज निकाली काढीपर्यंत सभासदांची पत्रे अडकून राहतील.