शेकडा तीन म्हणजे किती?

हिशेब हा वाणिज्य शाखेचा विषय, असे आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना उगीच वाटते. अर्थशास्त्राच्या तासाला आपण राष्ट्रीय उत्पन्नाची व्याख्या पाठ करतो. पण गावाकडे वडिलांनी काढलेल्या पैशावर वर्षाचे व्याज किती, असे कोणी विचारले तर गप्प बसतो.

नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याच्या घरात पैसा दरमहा येत नाही. सोयाबीन मोंढ्यावर गेले की तो येतो. खोलीभाडे आणि खानावळीचे पैसे मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावे लागतात. मध्येच हात आखडला, की व्याजाने पैसे काढणे आले. तेथे दर सांगतात, "शेकडा तीन". तीन हा आकडा कानाला किती लहान वाटतो! पण तो महिन्याचा असतो. वर्षाचे छत्तीस झाले. दहा हजारांवर ३,६०० रुपये. थकलेले व्याज दरमहा मुद्दलात मिळवले, तर वर्षअखेर देणे सुमारे १४,२५८ रुपये होते. बँक दहा टक्के म्हणते ते वर्षाचे. तरी दहा मोठे आणि तीन लहान, असा उफराटा समज घरोघर आहे.

मोबाईलवरून कर्ज देणारे काहीजण तर दिवसाचा दर सांगतात. अशा कर्जाचा वार्षिक दर सर्व खर्चासह लेखी कळवावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. तो कागद न दाखवणाऱ्याकडून एक रुपयाही घेऊ नये.

ठेवीचेही तसेच. जादा व्याजाची पाटी वाचताना ठेवीला विमा आहे का, हे आधी विचारावे. उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला. तेव्हा ठेवीदारांना आधार होता तो पाच लाखांपर्यंतच्या ठेव विम्याचा. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नसतो.

काही मित्र म्हणतील, खिशात पैसाच नाही, तर हिशेब कशाचा? माझ्या मते ज्याच्याजवळ थोडे आहे, त्यालाच हिशेब अधिक लागतो. आमच्यापैकी पुष्कळजण घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. अंगठा उठण्यापूर्वी कागद वाचून दाखवणे आणि महिन्याच्या दराला बाराने गुणून सांगणे, एवढे तरी आमच्या शिक्षणातून घराला मिळावे.