बेरजेची सुरक्षितता

कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक मॉडेले लोकांच्या हाती देण्यापूर्वी त्यांची जी परीक्षा घेतली जाते, तीत सुरक्षिततेच्या निरनिराळ्या चाचण्या एकत्र गुंफाव्यात, हा विचार आता बराच रुजला आहे. तो स्वागतार्हच आहे. मात्र ‘एकत्र’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. तो भाषेचाही आहे, आणि म्हणून भाषा शिकविणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्यात मत मांडणे अप्रस्तुत ठरू नये.

सुटी चाचणी फसवी असते. मॉडेल घातक मजकूर देते का, एवढेच तपासले तर प्रत्येक प्रश्नाला नकार देणारे मॉडेल पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल. उपयुक्तता तेवढी तपासली तर विचारील त्याला वाटेल ते सांगणारे मॉडेल बाजी मारील. २०२३ साली तयार झालेल्या ‘एक्सएसटेस्ट’ या प्रश्नसंचाने ही अडचण नेमकी हेरली. त्यात वरकरणी भयंकर पण वस्तुतः निरुपद्रवी असे २५० प्रश्न आहेत आणि त्यांच्या जोडीला खरोखर घातक असे २००. दोन्हींचे निकाल शेजारी ठेवून वाचले तरच मॉडेलचा विवेक दिसतो. एरवी दिसते ती भीती, किंवा बेफिकिरी.

दुसरा दाखला भाषेचा. ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये जीपीटी-४ पुढे घातक विनंत्या ठेवल्या. इंग्रजीत ते मॉडेल जवळजवळ कधीच बधले नाही. त्याच विनंत्या यंत्रानुवादाने झुलू, ग्वारानी, स्कॉट्स गेलिक, ह्मोंग या भाषांत नेल्या आणि त्यांपैकी कोणत्याही एका भाषेत मिळालेले यश गृहीत धरले, तेव्हा ७९ टक्के विनंत्यांपुढे संरक्षण ढासळले. एका भाषेतील गुणपत्रिका दुसऱ्या भाषेत चालत नाही, हे त्यावरून सिद्ध झाले.

मराठीत हा पेच अधिक खोल आहे. ग्रामीण महाराष्ट्रात ‘औषध’ हा शब्द दवाखान्यातल्या गोळीलाही लागतो आणि कीटकनाशकालाही. ‘औषध मारले’ म्हणजे पिकावर फवारणी केली. आणि ‘त्याने औषध प्यायले’ हे वाक्य गावात ज्या दबक्या आवाजात उच्चारले जाते, त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पंपाला औषध किती घालावे, असे विचारणाऱ्या शेतकऱ्याला मॉडेलने विषाच्या धास्तीने उत्तर नाकारले, तर तो नकार सुरक्षित म्हणता येत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही. उलट, खचलेल्या माणसाने त्याच शब्दात विचारलेल्या प्रश्नाला ‘मात्रा’ सांगणे हा अनर्थ होय. येथे घातकतेची, अतिनकाराची आणि भाषेची अशा तिन्ही चाचण्या एकाच वाक्यावर, एकाच वेळी लागू कराव्या लागतात. इंग्रजी प्रश्नसंचाच्या भाषांतरात हे वाक्य सापडणारच नाही, कारण मुळात ते इंग्रजीत नाहीच.

प्रत्येक बदलानंतर एवढ्या चाचण्या घ्यायच्या, तर वेळ आणि पैसा कोठून आणायचा, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. त्यावर उपायही आहे : निवडक जोडप्रश्नांचा छोटा संच दर बदलाला चालवावा, संपूर्ण संच मॉडेल प्रसृत करण्यापूर्वी. मात्र छोट्या संचातून मराठीसारख्या भाषा आधी वगळल्या जातात, तसे होता कामा नये.

खरा धोका आम्हांस दिसतो तो सरासरीत. सर्व चाचण्यांचे गुण मिळवून एक आकडा काढला, की इंग्रजीतील सभ्यता मराठीतील अपघाताची भरपाई करते. आमच्या विद्यापीठीय परीक्षांतून अनेक ठिकाणी लेखी परीक्षेत आणि अंतर्गत मूल्यमापनात स्वतंत्रपणे उत्तीर्ण व्हावे लागते. एकीकडचे जादा गुण दुसरीकडे वळविता येत नाहीत. मॉडेलांनाही हाच नियम असावा. चाचण्या एकत्र घ्याव्यात, निकाल एकत्र वाचावा, पण उत्तीर्णतेची रेषा प्रत्येक बाबीला आणि प्रत्येक भाषेला वेगळी राहावी. एका भाषेत अनुत्तीर्ण झालेले मॉडेल त्या भाषकांसाठी असुरक्षितच असते, मग एकूण आकडा कितीही देखणा असो.