पहिलीला कोण बाई आहेत?

गुढीपाडव्याला पाटीवर सरस्वती काढून मुलाचा हात धरण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. अलीकडे जिल्हा परिषदेचे शिक्षकही याच दिवशी लेझीम घेऊन वस्तीत फिरतात आणि ‘गुढीपाडवा, पट वाढवा’ म्हणत पहिलीची नावे घेतात. शहरांत मात्र नामांकित शाळांचे नर्सरीचे प्रवेश तोवर आटोपलेले असतात. तीन वर्षांच्या मुलासाठी दिवाळीच्या आसपास सुरू झालेली धावपळ पाडव्यापर्यंत फीच्या पावतीवर येऊन थांबते, नाही तर प्रतीक्षायादीत अडकते.

या धावपळीत आईबाप विचारतात ते प्रश्न ठरलेले असतात. बोर्ड कोणते, इंग्रजी माध्यम की सेमी, बस येते का, दहावीचा निकाल किती. यातला एकही प्रश्न गैर नाही. पण दहावी अजून बारा वर्षे लांब आहे, आणि मूल वाचायला लागणार की वाचनाला घाबरणार हे पहिली-दुसरीतच बरेचसे ठरून जाते. ते ज्यांच्या हातात असते, त्या बाईंचे नाव माहितीपत्रकात नसते आणि आपण ते विचारतही नाही.

शाळा पाहायची तर स्नेहसंमेलनात पाहू नये. एखाद्या मंगळवारी, वर्ग भरलेले असताना परवानगी घेऊन जावे आणि दुसरीच्या चार वह्या पाहायला मागाव्यात. चारही वह्यांत ‘माझा आवडता प्राणी’च्या त्याच आठ ओळी, तेच वळण आणि खाली ‘छान’ असेल, तर तिथली मुले फळ्यावरचे उतरवून घेतात, स्वतःचे लिहीत नाहीत. एखाद्या वहीत मात्र ‘आमची गाय दोरी तोडून पळाली, आबा चिखलात पडले’ असे काहीतरी सापडते. ‘चिखला’ची वेलांटी चुकलेली असते आणि बाईंनी खाली लाल शाईने विचारलेले असते, ‘मग गाय सापडली का?’ अशा शाळेत मुलाला बिनघोर घालावे, भिंतींचे पोपडे निघालेले असले तरी. जमले तर मागच्या रांगेतल्या मुलाकडेही लक्ष द्यावे. त्याला येत नाही हे बाईंच्या लक्षात आले आहे का, आणि आल्यावर त्या काय करतात, ते पाहावे.

माध्यमाचा प्रश्न याच वह्यांशी जोडलेला आहे. घरात इंग्रजी कुणालाच येत नाही, म्हणूनच मुलाला ते यावे, या ओढीला कुणी नावे ठेवू नयेत. इंग्रजी न आल्याने कचेरीत आणि बँकेत काय ऐकून घ्यावे लागते, ते या पालकांनी सोसलेले असते. तरीही ज्या भाषेत मुलाला गाय पळाल्याचे सांगता येते, त्याच भाषेत ते लिहायला शिकते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. घरची भाषा म्हणजे दर वेळी मराठीच असेही नाही. ती वारली असेल, गोंडी असेल, भिली असेल.

चांगली शाळा कशी असते, हे महाराष्ट्राला बाहेरून शिकायची गरज नाही. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी ‘सृजन आनंद’ विद्यालय उभे केले, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांच्या वाचन-लेखनासाठी आयुष्य वेचले. त्याही आधी, १९४५मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीत आदिवासी मुलांमध्ये काम करू लागल्या. मुले शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली; गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली. आज आपण मुलाला शाळेच्या दाराशी नेऊन ते तिथे बसते का पाहतो. त्या दोघींनी शाळेला मुलापाशी नेले.

कायदाही पालकांच्या बाजूने आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची चाचणी-मुलाखत घेण्यास शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ने मनाई आहे. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढे दर वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दुर्बल आणि वंचित घटकांसाठी खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागा आहेत. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट देणारा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला. तेव्हा ज्यांना निवडीला वाव नाही म्हणतात, त्यांनाही या जागांच्या सोडतीपुरता का होईना, तो आहे.

पण निवडीची एक दुसरी बाजूही आहे. गावातली चार खाऊनपिऊन सुखी घरे मुलांना व्हॅनने तालुक्याला पाठवू लागली की पट घटतो. पट घटला की शिक्षकांची पदे ठरवणाऱ्या संचमान्यतेत एक पद जाते. मग एकच गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळतात, वर निवडणुकीची कामे आहेतच; ते पाहून उरलेलेही पाय काढतात. शेवटी शाळेत ज्यांच्यापाशी व्हॅनचे पैसे नाहीत तीच मुले राहतात आणि त्यांच्या बाजूने ग्रामसभेत बोलायला कुणी उरत नाही. शाळा निवडणाऱ्या प्रत्येकाला याचा दोष देता येणार नाही, आपल्या लेकराचे वर्ष कुणी पणाला लावत नाही. मात्र जवळची शाळा एकदाही आत जाऊन न पाहता नाकारणे, हे आपण थांबवू शकतो.

शिवाय नाव घातले म्हणजे पालकाचे काम संपत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. अनेक ठिकाणी या समितीच्या बैठका सह्यांच्या वहीतच होतात. जूनमध्ये शाळा भरल्या की नव्या मुलांच्या आयांनी बैठकीची तारीख मागावी, वेळ काढून जावे आणि पहिला प्रश्न हाच विचारावा की पहिलीला कोण बाई आहेत, आणि त्या वर्षभर याच वर्गावर राहणार आहेत का.