ठरीव वाक्याचा धनी कोण? घरतपासणीचा अहवाल आणि प्रताधिकाराचा जुना वाद

१/ अमेरिकेत घर विकत घेण्यापूर्वी खरेदीदार बहुधा स्वतःच्या खर्चाने तपासनीस नेमतो. तो छपरापासून तळघरापर्यंत घर पाहतो आणि लेखी अहवाल देतो. ‘सिंकजवळच्या सॉकेटला विजेच्या धक्क्यापासून संरक्षण नाही, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ते बसवून घ्यावे’, अशा वाक्यांनी हा अहवाल भरलेला असतो. असे वाक्य नेमके कोणाच्या मालकीचे?

२/ प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो तसा नाही. आज हे अहवाल सॉफ्टवेअरमधून तयार होतात. त्यात तयार शेऱ्यांचा मोठा संग्रह असतो आणि तपासनीस त्यातून हवा तो शेरा निवडतो. संग्रह रचणारा म्हणतो, यामागे आपले कष्ट आहेत. दुसरा म्हणतो, या दोषाचे वर्णन याहून वेगळे करायचे तरी कसे? प्रताधिकाराच्या, म्हणजेच कॉपीराइटच्या, या वादाचे मूळ १८५९ सालापर्यंत जाते.

३/ त्या वर्षी ओहायोतील चार्ल्स सेल्डन याने जमाखर्चाची सुटसुटीत पद्धत सांगणारे पुस्तक प्रताधिकारासाठी नोंदवले. त्यात थोडे विवेचन होते आणि पुढे आखलेले कोरे नमुने होते. सेल्डनच्या पश्चात त्याच्या पत्नीने बेकर नावाच्या गृहस्थावर दावा लावला. बेकरच्या खातेवह्यांत रकान्यांची मांडणी वेगळी होती, पण पद्धत बरीचशी तीच होती.

४/ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा हा निकाल १८७९ सालचा म्हणून ओळखला जातो. न्यायमूर्ती ब्रॅडली यांचे म्हणणे असे, की पुस्तकातील विवेचन लेखकाचे, पण त्यात सांगितलेली पद्धत सर्वांची. औषधांवर ग्रंथ लिहिणाऱ्याला ते औषध बनवण्याचा मक्ता मिळत नाही. म्हणून ती पद्धत वापरण्यासाठी जे रकाने आखावेच लागतात, त्यांवरही कोणाची मालकी राहत नाही.

५/ रकान्यांचा प्रश्न सुटला, वाक्यांचा उरला. १९५८ साली विम्याच्या नमुन्यांवरून असाच वाद न्यायालयात आला. हरवलेल्या रोख्यांसंबंधीच्या बंधपत्रांचा मजकूर बीअर्ड्‌स्ली याने रचला होता आणि कॉन्टिनेंटल कॅज्युअल्टी ही कंपनी तसाच मजकूर वापरत होती. अशा नमुन्यांना प्रताधिकार मिळू शकतो, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु व्यवहाराची कल्पना आणि तिची भाषा इतकी जखडलेली असते, की उल्लंघन ठरवताना कसोटी कठोरच हवी, असेही बजावले. त्या कसोटीवर दावा टिकला नाही.

६/ १९६७ चा निकाल याहून पुढे गेला. बक्षीस-स्पर्धेत भाग घेण्याचा एक नियम मॉरिसी याने लिहिला होता. प्रॉक्टर अँड गॅम्बलने जवळजवळ तोच नियम छापला. न्यायालयाने म्हटले, की जी गोष्ट मोजक्याच शब्दांत सांगता येते, तिच्या शब्दांना संरक्षण दिले तर मोजके लोक सारी शब्दरूपे नोंदवून ती गोष्टच ताब्यात घेतील. प्रताधिकार हा लोकांवर मात करण्याचा बुद्धिबळाचा डाव नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता.

७/ राहिला कष्टांचा मुद्दा. १९९१ साली कॅन्सासमधील एका टेलिफोन कंपनीची यादी सर्वोच्च न्यायालयापुढे आली. फाइस्ट या प्रकाशकाने तिच्यातील १,३०९ नोंदी जशाच्या तशा घेतल्या होत्या. त्यांत चोरी ओळखता यावी म्हणून मुद्दाम घातलेल्या चार खोट्या नोंदीही होत्या. नक्कल उघड होती, तरी कंपनी हरली. नुसते श्रम पुरेसे नाहीत, निदान किंचित तरी सर्जन हवे, असे न्यायालयाने ठरवले.

८/ या परंपरेत घरतपासणीचा शेरा ठेवून पाहिला, तर उत्तर बरेचसे स्पष्ट होते. ‘छताच्या पन्हळीत पालापाचोळा साचला आहे’ हे वाक्य कोणाचेही नाही. पण सॉफ्टवेअरची संगणकीय संहिता, शेऱ्यांची कल्पक निवड आणि रचना, दोषाची कारणे समजावणारे स्वतंत्र टिपण, ही रचणाऱ्याचीच. संपूर्ण संग्रह उचलून स्वतःच्या नावाने विकणारा निर्दोष ठरू नये. एकेका वाक्यावर पहारा बसवणाऱ्याचेही समर्थन होऊ नये.

९/ मात्र वादाला आणखी एक वाट आहे. प्रोसीडी या कंपनीने तीन हजारांहून अधिक टेलिफोन-याद्या एकत्र करून सीडीवर विकल्या. १९९६ साली अपील न्यायालयाने ठरवले, की खोक्यातील परवान्याच्या अटी खरेदीदारावर बंधनकारक आहेत. म्हणजे जे प्रताधिकाराने मिळत नाही, ते कराराने मिळवता येते. तपासनीस ज्या अटी न वाचता मान्य करतो, त्यांतच हा निकाल उतरतो.

१०/ यात खरी हानी कोणाची? दाव्याच्या भीतीने तपासनिसाने साधे वाक्य वाकवून लिहिले, तर आयुष्यभराची पुंजी घरात घालणाऱ्या कुटुंबाला धोका नीट कळणार नाही. सुरक्षेच्या इशाऱ्यात नवेपणाला किंमत नसते. शंभर अहवालांत तो सारखाच असणे हेच त्याचे मोल. टेक्सासमध्ये राज्याच्या आयोगाने अहवालाचा नमुनाच ठरवून दिला आहे. प्रत्येक घटकापुढे तपासला, तपासला नाही, अस्तित्वात नाही, सदोष, अशा खुणा करायच्या असतात.

११/ ठरीव मजकुराचे हे मोल मराठी दफ्तरे चाळणाऱ्यांना नवे नाही. ‘राजमान्य राजश्री’ हा मायना अगणित मोडी पत्रांत सापडतो. पत्र कोणत्या दर्जाच्या माणसाला लिहिले आहे, हे त्यावरून वाचणाऱ्याला चटकन उमगे. प्रत्येक कारकुनाने स्वतःचा मायना राखून ठेवला असता, तर ही सोयच उरली नसती.

१२/ भारतीय न्यायालयानेही अशीच रेषा आखली आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये सांगितले, की न्यायनिर्णयांचा मूळ मजकूर प्रकाशकाच्या मालकीचा नाही. पण परिच्छेद पाडणे, त्यांना क्रमांक देणे, न्यायाधीशांची सहमती-असहमती दर्शवणे, यांत कौशल्य आणि विवेक लागतो. तेवढ्याला संरक्षण मिळाले.

१३/ सेल्डनच्या खातेवहीपासून आजच्या सॉफ्टवेअरपर्यंत न्यायालयांनी जी रेषा जपली, ती आता परवान्याच्या बारीक अक्षरांत पुसली जाऊ नये. सामाईक, ठरीव वाक्यांना अटींतून मोकळे ठेवणे हे कायदेमंडळांचे काम आहे. तपासनिसांच्या संघटनांनी असे शेरे सर्वांसाठी खुले केले, तर हा वाद पुष्कळ अंशी आपोआप मिटेल. विक्री सॉफ्टवेअरची व्हावी. सॉकेटजवळ धोका आहे, हे सांगण्याचे शब्द मात्र सर्वांचेच राहावेत.